मोटरहोममागे जीप लावली की जीपची पुढची चाकं थडथडतात. कुठून तपासायला घेऊ?

चँडलरकर

नमस्कार मंडळी. ॲरिझोनातल्या चँडलरहून लिहितोय. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी ३४ फुटी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलं. फोर्ड एफ-५३ चॅसी, पेट्रोलवर चालणारं. मागे २०१४ ची जीप रँग्लर, ऑटोमॅटिक, चारही चाकं रस्त्यावर ठेवून टो बारने (दोन गाड्या जोडणाऱ्या दांड्याने) ओढतो. पहिलं दीड वर्ष इतकं सुरळीत गेलं की मागे काही लावलंय हे विसरायला व्हायचं.

गेल्या महिन्यात आय-१७ महामार्गाने फ्लॅगस्टाफला चढलो आणि तिथून आय-४० ने पूर्वेला निघालो. विन्स्लोच्या पुढे एका पुलाच्या सांध्यावरून गेलो आणि ही एकदम ओरडली, "अहो, चाकं बघा!" मागच्या कॅमेऱ्यात जीपची पुढची चाकं डावी-उजवी अशी थडथडत होती की टायर निखळून पडतील असं वाटलं. वेग होता ५५ मैल. हळूहळू ३० वर आणला तेव्हा थांबलं. पुन्हा ५५ वर गेलो तर दहा मैल काही नाही, आणि पुढच्या सांध्याला परत तेच. त्या दिवशी मला पहिल्यांदा या गाडीची भीती वाटली. मागून येणाऱ्या कुणाचा जीव माझ्यामुळे जायला नको.

दुसरं म्हणजे मोठा ट्रक ओलांडून गेला की अख्खं घर आधी बाहेर ढकललं जातं आणि मग आत ओढलं जातं. स्टिअरिंग सतत दुरुस्त करत बसावं लागतं.

ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) न्यूट्रल, गिअर पार्कमध्ये, किल्ली लॉकवर नाही, हे सगळं पुस्तकाप्रमाणे. टो बारच्या पिना, केबल, जीपमधला जादा ब्रेक तपासला. बदल एकच झालाय: डिसेंबरात इथल्या एका गॅरेजमधून जीप दोन इंच उचलून घेतली आणि ३३ इंची टायर टाकले. अलाइनमेंट केली म्हणाले, कागद दिला नाही.

चांगला स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे धक्के शोषणारा शॉक) घ्यावा का? की टो बारच बदलू?

घाटवाट, सॅक्रामेंटो

काका, तूर्त दोन्ही घेऊ नका. माझ्या आधीच्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग होतं. ती ओढताना अशीच थरथरायची, आणि ओढताना स्टिअरिंगला वीज देणारं वायरिंग बसवल्यावर थांबली. पण तुमच्या २०१४ च्या रँग्लरला हायड्रॉलिक स्टिअरिंग आहे, त्यामुळे तो उपाय तुमच्या कामाचा नाही. जीप उचलल्यापासून टो बार सपाट राहिलाय का, ते मोजून सांगा.

दापोडी_ते_ह्यूस्टन

काका, मी दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात उमेदवारी केली, इथे वीस वर्षं ट्रकची कामं केली. डॅम्पर आत्ता बसवू नका. तो थडथड दाबून ठेवतो, कारण तसंच राहतं, आणि पुढे ते जास्त जोरात बाहेर येतं.

लहानपणी हात सोडून सायकल चालवलीत ना? सायकल सरळ जाते याचं एक कारण म्हणजे पुढचा फोर्क मागे कललेला असतो. गाडीच्या पुढच्या चाकांनाही तसाच कल असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. एरवी स्टिअरिंगवर तुमचे हात असतात, म्हणून कॅस्टर थोडा कमी असला तरी निभावतं. ओढल्या जाणाऱ्या गाडीत कुणीच बसलेलं नसतं, तिथे चाकं सरळ ठेवायचं काम जवळजवळ सगळं कॅस्टरवर येतं. सॉलिड ॲक्सलची (दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर असलेली) जीप उचलली की ॲक्सल किंचित गोल फिरतो आणि नेमका हाच कल कमी होतो. कंपनीचा आकडा साधारण ४.२ अंश. अलाइनमेंट पुन्हा करा आणि छापील कागद हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग ट्रॅक बार, म्हणजे ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा. इंजिन चालू, चाकं जमिनीवर, वहिनींना स्टिअरिंग थोडंथोडं डावं-उजवं हलवायला सांगा. तुम्ही खाली बसून ट्रॅक बारच्या दोन्ही टोकांच्या बोल्टवर बोट ठेवा. बोल्ट भोकात सरकताना जाणवला तर तो सैल आहे किंवा भोक लांबट झालंय. हा बोल्ट १२५ फूट-पाउंडला आवळायचा असतो, नुसत्या पान्याच्या अंदाजाने नाही. जीपची उंची वाढवताना तो काढावा लागतो, म्हणून माझा पहिला संशय तिथेच.

आणि एक प्रश्न, मोकळेपणाने सांगा: जीप जोडलेली असताना कधी गाडी मागे घेतलीत का? थोडीशी का होईना?

चँडलरकर

मोजलं. मोटरहोमच्या हिचपेक्षा (मागच्या जोडणीपेक्षा) जीपकडचं टोक ५ इंच वर आहे. आधी जेमतेम ३ होतं.

आणि हो, मागे घेतली होती. जानेवारीत होलब्रूकच्या एका गॅस स्टेशनवर पुढे ट्रक आडवा आला, मागे रांग लागली. दहा-बारा फूटच घेतली. मला वाटलं एवढ्याने काय होतंय. जीपची चाकं पूर्ण एका बाजूला वळून घासत गेली, जमिनीवर काळा पट्टा उठला. हिने तेव्हाच सांगितलं होतं की जीप सोडूया, पाच मिनिटं लागतील. तिचं ऐकायला हवं होतं.

दापोडी_ते_ह्यूस्टन

काका, आता जीप जोडून एक मैलही जाऊ नका. मागे ढकलताना पुढची चाकं टोकापर्यंत मुडपतात, सगळा जोर टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा), ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि टो बारच्या हातांवर येतो. टाय रॉडला लांब पट्टी लावून बघा, बाक असेल तर लगेच दिसेल. टो बारच्या दोन्ही हातांची लांबी मोजा आणि बेस प्लेटच्या (टो बार जीपला जिथे जोडतो त्या भागाच्या) वेल्डिंगला तडा आहे का ते टॉर्चने पाहा.

उंचीचंही आहे. बार सपाटीपासून ३ इंचांच्या आत हवा. जीपकडचं टोक वर असलं की ब्रेक मारताना बार जीपचं नाक वर ढकलतो, पुढच्या चाकांवरचं वजन हलकं होतं आणि थडथडीला निमित्त मिळतं. हिचमध्ये वर उचलणारा ॲडॅप्टर मिळतो, तुमच्या जीपच्या वजनाला चालेल एवढ्या क्षमतेचा घ्या.

ताई_क्लीव्हलँड

काका, ट्रक ओलांडताना घर हलतं त्याचा जीपशी फारसा संबंध नाही. चारही चाकांवर ओढलेली गाडी हिचवर वजन जवळजवळ टाकत नाही, म्हणजे तुमचा पुढचा ॲक्सल तिच्यामुळे हलका होत नाही. जीप न जोडता आय-१० वर जाऊन या. तरी हललं तर दोष मोटरहोममध्ये शोधायचा.

आमच्याकडे तसंच होतं. ट्रकस्टॉपच्या काट्यावर नेहमीच्या सामानासकट दोन्ही ॲक्सलचं वजन करून घेतलं आणि टायर कंपनीच्या तक्त्यातून हवा ठरवली. तोवर हे टायरवर छापलेला कमाल आकडा भरायचे. कडक टायर रस्त्यावर नुसते नाचतात. पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे आहे का? गॅलनला ८.३ पाउंड धरा. ७० गॅलन म्हणजे ५८० पाउंड शेपटीवर, आणि तेवढ्याने पुढचा ॲक्सल हलका. आम्ही वाटेत पाव टाकीच ठेवतो.

चँडलरकर

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण सगळं करून, चालवून पाहिल्याशिवाय सांगायचं नव्हतं.

टाय रॉड वाकला होता. पट्टी लावल्यावर मधोमध बोट सहज जाईल एवढी फट दिसली. ट्रॅक बारचा ॲक्सलकडचा बोल्ट सैल निघाला, हिने स्टिअरिंग हलवताच माझ्या बोटाखाली टकटक लागली. भोक मात्र गोल होतं, थोडक्यात वाचलो. नवा टाय रॉड टाकला, बोल्ट टॉर्क रेंचने आवळला. दुसऱ्या दुकानात अलाइनमेंट केली तर कॅस्टर निघाला २.९. ब्रॅकेट बसवून ४.४ वर आणला, कागद जपून ठेवलाय. टो बारचे हात सरळ होते, वेल्डिंग शाबूत. वर उचलणारा ॲडॅप्टर लावून बार आता एका इंचात आहे.

ताई, तुमचंही बरोबर निघालं. जीप न जोडताही घर तसंच हलत होतं. मोटरहोमच्या पुढच्या टायरांत मी ११० पीएसआय हवा भरत होतो. काट्यावर पुढचा ॲक्सल ६,४०० पाउंड आला, तक्त्यात त्याला ८० पुरेसे होते, मी ८५ ठेवले. टाकीही मागेच आहे, ती पावभर केली. ट्रक जाताना धक्का अजून कळतो, पण स्टिअरिंगशी झुंजावं लागत नाही. मोटरहोमच्या मागच्या ॲक्सलला ट्रॅक बार बसवायचा विचार आहे, कुणी बसवला असेल तर सांगा.

मंगळवारी विन्स्लोच्या त्याच पुलावरून दोनदा गेलो, एकदा ५५ ने आणि एकदा ६२ ने. ही कॅमेऱ्यासमोर बसून होती. दोन्ही वेळा चाकं एकदा उडाली आणि सरळ झाली. ५०० मैल झाले की बोल्ट पुन्हा तपासणार आहे. आणि डॅशबोर्डवर तिच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: जीप सोडल्याशिवाय मागे नाही.