मदत हवी आहे: लवकर दूध तोडलेल्या पिल्लांना प्रथिनं कशातून द्यावीत?

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचं छोटं वराहपालन आहे, सगळ्या माद्या लार्ज व्हाईट यॉर्कशायर. पिल्लांचं दूध २८ व्या दिवशी तोडतो. त्यानंतरच्या आठवड्यात हगवण लागते, पिल्लं सुकतात. बघवत नाही.

सध्या खाद्यात मका आणि भरपूर सोयापेंड आहे. माझा संशय पेंडीवरच आहे. या वयात पोटात आम्ल कमी तयार होतं, आणि सोयाबीनमधली काही प्रथिनं कोवळ्या आतड्याला सोसत नाहीत. पेंड नीट भाजलेली नसेल तर पचन आणखी बिघडतं. पण पेंड एकदम कमी केली तर लायसिन (वाढीला लागणारं, प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) कुठून आणायचं? व्हे पावडर (दूध फाडून उरलेल्या पाण्याची भुकटी) उत्तम, पण परवडत नाही. सुकी मासळी इथे स्वस्त मिळते, लायसिनही चांगलं असतं. मात्र तिच्यात मीठ आणि वाळू फार, शिवाय साल्मोनेला या हगवण लावणाऱ्या जंतूची भीती.

कुणी पहिले दोन आठवडे थोडी दूध पावडर, थोडी मासळीची पूड आणि कमी पेंड असं मिश्रण दिलंय का? प्रमाण काय ठेवलंत? मासळीतलं मीठ कुठे तपासून मिळतं? पशुवैद्यक मित्रांनीही कृपया सांगावं, पुढची वीण तोंडावर आली आहे.