'हिंस्र', 'भक्षक' की 'शिकारी'? आणि 'निर्मूलन' नेमकं कशाला म्हणायचं?

सिडकोच्या बाई:
वन्यजीव सप्ताहाच्या भित्तिपत्रकासाठी न्यूझीलंडच्या मोहिमेवर लिहायला घेतलंय. 2050 पर्यंत देशभरातले उंदीर, पॉसम (झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला प्राणी) आणि स्टोट, फेरेट, वीझल हे मुंगसासारखे दिसणारे छोटे मांसाहारी, असे बाहेरून आलेले प्राणी पार संपवायचे, असं तिथल्या सरकारने 2016 मध्ये जाहीर केलं. इंग्रजीत त्यांना 'प्रेडेटर' म्हणतात, म्हणून मी 'हिंस्र प्राण्यांचा नायनाट' असा मथळा दिला, तर सातवीतली एक मुलगी म्हणते, "बाई, उंदीर कुठे हिंस्र असतो?" आता काय लिहू?

निफाडचा ऊस:
पोरगी बरोबर बोलली. आमच्याकडे हिंस्र म्हटलं की बिबट्याच डोळ्यासमोर येतो, आणि तो तर इथला मूळचा. 'शिकारी' लिहिलंत तर बंदूकवाला माणूस दिसेल. 'भक्षक' लिहा, पण उंदीर तिकडे भक्षक कसा ठरतो तेही दोन ओळींत सांगा, नाहीतर मुलांना पटणार नाही. न्यूझीलंडला वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नाही. तिथल्या पक्ष्यांचे जुने वैरी म्हणजे वरून झडप घालणारे मोठे पक्षी. त्यामुळे धोका वाटला की काकापो हा तिथला पोपट जागच्या जागी थिजतो. हिरव्या पिसांमुळे अशा पक्ष्याच्या नजरेतून सुटेलही, पण वास काढत येणाऱ्या स्टोटला त्याचं काय? त्यात काकापोला उडता येत नाही आणि घरटंही जमिनीवर. किवीची पिल्लं तर स्टोट एकामागून एक उचलतो.

पंचवटीकर:
'भक्षक'ला 'रक्षकच झाले भक्षक'चा वास आहे, पण विज्ञानाच्या पुस्तकात भक्षक-भक्ष्य ही जोडी रुळलेली आहे, चालेल. पॉसमचं मात्र वेगळं सांगा. तो मुख्यतः पाला खाणारा, अंडी-पिल्लं मिळाली तर सोडत नाही एवढंच. फरच्या धंद्यासाठी 1837 पासून ऑस्ट्रेलियातून आणला. स्टोट आणले 1880 च्या दशकात, सशांवर उतारा म्हणून. ससेही आणलेलेच! आधी दुखणं आणायचं, मग औषध आणायचं, मग औषधाचंच दुखणं.

सिडकोच्या बाई:
मग 'परदेशी भक्षक' लिहू?

पंचवटीकर:
'परदेशी' लिहिलं की मुलांना वाटेल, परदेशातलं ते वाईट आणि आपलं ते चांगलं. त्यांना आपल्या मुंगसाची गोष्ट सांगा. वाटेत दिसलं तर आपण शुभ मानतो. त्याच्याच नात्यातली, छोट्या भारतीय जातीची मुंगसं जपानच्या अमामी ओशिमा बेटावर 1979 मध्ये हाबू नावाचे विषारी साप मारायला सोडली. हाबू रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. गाठ पडणार कशी? मुंगसांनी मोर्चा वळवला तो त्या बेटावरच्या दुर्मिळ काळसर सशाकडे. 2000 पासून जोरात मोहीम सुरू झाली, पिंजरे लावले, वास काढणारी कुत्री फिरवली, तेव्हा कुठे सप्टेंबर 2024 मध्ये बेट मुंगूसमुक्त जाहीर झालं. बेट केवढं? सुमारे 700 चौरस किलोमीटर, आपल्या नाशिक जिल्ह्याचा विसावा हिस्साही नाही. न्यूझीलंड 2 लाख 68 हजार चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राहून थोडंच लहान. यावरून अंदाज बांधा. मी 'बाहेरून आणलेले' असं सरळ लिहीन. आणणारा माणूस त्या शब्दात दिसतो.

गोदाकाठ:
'नायनाट' नको, फारच त्वेषाचा आहे. 'निर्मूलन' घ्या, पण तो शब्द आपण फार स्वस्त केलाय. देवीचं निर्मूलन झालं, 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं आणि लस टोचणंच थांबलं. निर्मूलन ते. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटतात तिथे सरकारी कागदावर 'दूरीकरण' असतं, म्हणजे रोग इतका कमी करायचा की त्याचा सार्वजनिक त्रास उरू नये. आणि गोदावरीतल्या पाणवेली? दरवर्षी काढतात, दरवर्षी येतात. ते नियंत्रण, फार तर साफसफाई. नांदूरमध्यमेश्वर रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, पण नदी वरून पाणवेली घेऊन खाली येतेच. न्यूझीलंडवाल्यांना हे असलं वर्षाकाठचं काम नकोय. उंदरांची एक जोडी राहिली तरी सगळं पहिल्यापासून, म्हणून तिथे 'निर्मूलन'च लिहायला हवं.

निफाडचा ऊस:
आणि कृपा करून 'बंदोबस्त' लिहू नका. 'बिबट्याचा बंदोबस्त करा' अशी बातमी आली की पिंजरा लावायचा, जनावर दुसरीकडे सोडायचं की गोळी घालायची, ज्याने त्याने आपापलं समजायचं. तिकडे काय करतात ते स्पष्ट लिहा: सापळे लावतात, आणि दुर्गम डोंगरांत हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकतात. त्या विषावरून तिथेही जोरदार वाद आहेत. सातवीच्या मुलांपासून हे लपवण्यात अर्थ नाही.

सिडकोच्या बाई:
मग मथळा असा: 'बाहेरून आणलेल्या भक्षकांचे निर्मूलन'. आणखी एक विचारते. 2025 च्या शेवटी त्या यादीत मांजरंही घातली. तिथे मी 'रानमांजर' लिहिलंय.

गोदाकाठ:
ते आधी खोडा! रानमांजर, म्हणजे बाऊल, ही आपल्याकडची मूळची वन्य जात आहे, कायद्याने संरक्षण असलेली. तिकडची मांजरं म्हणजे आपल्या घरातल्या मनीचीच जात, माणसाला सोडून पिढ्यानपिढ्या रानात वाढलेली. 'मोकाट मांजरं'ही नको, मोकाट म्हटलं की भाजीबाजारातली आठवतात.

पंचवटीकर:
'रानात स्थिरावलेली पाळीव जातीची मांजरं'. लांब आहे, पण भित्तिपत्रकाला जागेची काय कमी! आणि घरोघरच्या पाळीव मांजरांना यातून वगळलंय, तेही कंसात टाका. नाहीतर दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग रडत येईल.