माहलर नववी, १९३८: म्हणे म्युझियममध्ये ठेवा!

दुसरं_व्हायोलिन (धागाकर्ता)

परवा 'स्वच्छश्रवण' यांनी संगीतकार माहलरच्या नवव्या सिंफनीच्या रेकॉर्डिंगांची, कंडक्टरनुसार, उतरंड लावली. सर्वांत वर कारायान १९८२, तळाला ब्रूनो वाल्टर १९३८ आणि त्यावर शेरा: 'खरखर, खोकला, निसटलेले सूर. म्युझियममध्ये ठेवा.' तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण राग आवरेना आणि ओळीही आवरेनात, म्हणून वेगळा धागा.

अहो, १६ जानेवारी १९३८ ला व्हिएन्नाच्या म्युझिकफरायनमध्ये वाजलं ते या सिंफनीचं पहिलंवहिलं रेकॉर्डिंग. २६ जून १९१२ ला ती जगाने प्रथम ऐकली तेव्हाही बॅटन वाल्टरच्याच हातात होता आणि समोर हाच व्हिएन्ना फिलहार्मोनिक. '३८ ला कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांचा म्होरक्या, होता आर्नोल्ड रोझे, माहलरचा मेहुणा, १८८१ पासून त्याच खुर्चीवर. दोन महिन्यांत हिटलर ऑस्ट्रियात शिरला. रोझेला काढून टाकलं, वाल्टरला घरी परतायची सोय उरली नाही आणि त्या ऑर्केस्ट्रातले सात जण पुढे छळापायी जिवानिशी गेले. एवढं सगळं त्या तबकड्यांत आहे, आणि तुम्हाला ऐकू काय आलं, तर खोकला?

मी चौदा वर्षं दुसऱ्या व्हायोलिनमध्ये चौथ्या डेस्कवर बसलोय, आतल्या बाजूला, म्हणजे पानं उलटायचं कामही माझंच. नववी सुरू होते तेव्हा चेलो, हॉर्न, हार्प यांची नुसती चाहूल लागते, आणि मग मुख्य धून येते ती आमच्याकडे. पहिल्या व्हायोलिनकडे नाही! सुरुवातीला नुसते दोन उतरते स्वर. कारायानकडे ते दोन स्वर इस्त्री करून ठेवलेले असतात. वाल्टरकडे एकावरून दुसऱ्यावर घसरत येतात, माणूस बोलता बोलता श्वास सोडतो तसे.

स्वच्छश्रवण

माझ्यावर अख्खा धागा! धन्य झालो.

रोझेबद्दल आदर आहे. पण साहेब, तुम्ही रेकॉर्डिंग ऐकत नाही, तारीख ऐकता. ही सिंफनी तोंडपाठ असलेल्या दोघा मित्रांना मी काहीही न सांगता '३८ चा रोंडो-बुर्लेस्क, म्हणजे तिसरा भाग, ऐकवला. एक म्हणाला, 'रिहर्सल आहे का?' दुसऱ्याला वाटलं कुठल्या तरी विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा आहे. मग तारीख सांगितली. दोघांचे चेहरे लगेच गंभीर. बदललं काय? आवाज तर तोच होता.

बखरकार

मूळ वादात पडत नाही, पण दोन्ही बाजूंनी ज्या 'निरोपाच्या सिंफनी'चं, म्हणजे माहलरने ती मरणाच्या दारात लिहिल्याचं, गृहीतक धरलंय त्याचा वैताग येतो. हा माणूस १९०९ मध्ये मरणशय्येवर नव्हता. १९०७ ला थोरली मुलगी गेली, हृदयाचं दुखणं कळलं, हे खरंच. पण नववी लिहून झाली त्याच वर्षी त्याने न्यूयॉर्क फिलहार्मोनिकची सूत्रं घेतली, आणि पुढच्या उन्हाळ्यात दहावीचा आराखडा मांडून बसला. मे १९११ मध्ये तो गेला तो जंतुसंसर्गाने, सिंफनीने नव्हे. प्रत्येक सीडीच्या पुस्तिकेत मात्र तेच रडगाणं.

स्वच्छश्रवण

+१. आणि या रडगाण्याचा परिणाम टेम्पोवर, वाजवण्याच्या गतीवर, झालाय. बर्नस्टाइनचं १९८५ चं ॲमस्टरडॅमचं ऐका, नुसता शेवटचा संथ भाग, अडाजिओ, अर्ध्या तासाच्या घरात. वाल्टरचा '३८ चा जेमतेम अठरा मिनिटांचा. आता म्हणू नका की तबकडीची बाजू संपत आली म्हणून तो पळत होता.

दुसरं_व्हायोलिन

म्हणणारच नव्हतो. ती मैफल होती, स्टुडिओ नव्हे. दहा तबकड्या, वीस बाजू, पण बाजू कधी पालटायची ही काळजी मशीनवाल्यांची. वाल्टरने तो टेम्पो स्वतःहून घेतला. म्हणजे तुमच्या नावडत्या रेकॉर्डिंगमध्ये तुमच्या आवडीची गोष्ट निघाली की! अभिनंदन.

मींडवाला

घसरते स्वर म्हणालात म्हणून राहवलं नाही. त्याला पोर्टामेंटो म्हणतात आणि ती आपली मींड नव्हे, कृपा करून कोणी तसं लिहू नका. पण खरा मुद्दा व्हायब्रेटोचा, म्हणजे सुराला बोटाने दिलेल्या थरथरीचा, आहे. कंडक्टर नॉरिंग्टनने २००९ मध्ये श्टुटगार्टच्या ऑर्केस्ट्राकडून हीच नववी व्हायब्रेटो गाळून वाजवून घेतली. त्याचं म्हणणं असं की व्हिएन्नात तेव्हा अखंड थरथर नव्हतीच, आणि पुरावा म्हणून बोट दाखवलं ते याच '३८ च्या रेकॉर्डिंगकडे. ऐका आणि सांगा, अडाजिओच्या सुरुवातीला व्हायोलिन थरथरतात का?

दुसरं_व्हायोलिन

थरथरतात. अखंड नाही, पण थरथरतात. आणि नॉरिंग्टनचं ते रेकॉर्डिंग मी एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकायची हिंमत झाली नाही. दवाखान्यातल्या ट्यूबलाइटसारखा आवाज.

मींडवाला

'हिंमत झाली नाही' हा युक्तिवाद आहे होय? १९३८ च्या मायक्रोफोनवरून थरथर मोजायला निघालात तर थोडी शिस्त बाळगा.

बखरकार

मोजणार कशी? त्याच आवाजातून एकाला 'थरथर नव्हती' ऐकू येतं, दुसऱ्याला 'होती' ऐकू येतं. शिवाय सतत व्हायब्रेटोची सवय जगाला लावण्याचं श्रेय ज्याला देतात तो व्हायोलिनवादक क्रायस्लर अस्सल व्हिएन्नाचाच. तरुणपणी तिथल्या ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात जागा मागायला गेला तेव्हा रोझेनेच त्याला परत पाठवला, असा किस्सा सांगतात.

मींडवाला

म्हणजे माझाच मुद्दा! रोझेला ती थरथर नको होती.

बखरकार

किस्स्यात कारण दिलंय नोटेशन बघून लगेच वाजवता येत नव्हतं, हे. किस्सा घ्यायचा तर पुरता घ्या.

मींडवाला

वाजवणारे एकीकडे, ऐकणारे दुसरीकडे, आणि बखरी लिहिणारे सगळीकडे. चालू द्या.

शेवटची_रांग

तुमचं व्हायब्रेटो आटोपलं असेल तर ट्रॉम्बोनकडे लक्ष द्या. बर्नस्टाइन १९७९ मध्ये बर्लिनला, तोही कारायानच्या ऑर्केस्ट्रासमोर, नववी घेऊन उभा राहिला. अडाजिओचं सर्वांत मोठं शिखर आलं आणि ट्रॉम्बोन वाजलेच नाहीत! दोघेही जग सोडून गेल्यावर १९९२ मध्ये ते रेकॉर्डिंग बाजारात आलं, आणि तेव्हापासून जो उठतो तो त्या ट्रॉम्बोनवाल्यांची टिंगल करतो.

मी ट्रॉम्बोनवाली. मागच्या रांगेत बसून विश्रांतीचे बार मोजणं म्हणजे काय हे पुढच्यांना कळायचं नाही. ओठ थंड पडतात, वाद्य थंड पडतं, बोटांवर मोजता मोजता सत्तेचाळीस की अठ्ठेचाळीस हा घोळ होतो, आणि शेजारच्याकडे बघावं तर तोही तुमच्याकडेच बघत असतो. माझी एकदा अशीच एंट्री हुकली. दुसऱ्याच सिंफनीत. कंडक्टर काही बोलला नाही, नुसता हसला. ते हसू अजून झोपेत दिसतं.

स्वच्छश्रवण

ताई, सहानुभूती आहे. पण श्रोत्याने तिकीट काढलं ते ट्रॉम्बोन ऐकायला. तुमचे ओठ थंड पडले ही माझी अडचण कशी?

दुसरं_व्हायोलिन

बघा, हा सूर! हातात वाद्य धरलंय का कधी? सोफ्यावर बसून इतरांच्या एंट्र्या मोजणं सोपं असतं.

स्वच्छश्रवण

अरे वा, आली का जात पुसायची वेळ! नाही धरलं वाद्य. पण नाचता येईना अंगण वाकडं तसं तुमचं चाललंय: वाजवता येईना, मशीन जुनं. माझा कान तीस वर्षांचा आहे, फुकटचा नाही.

तटस्थ_कान

मी नवीन आहे. यातलं नेमकं कोणतं ऐकू?

बखरकार

बार्बिरोली, बर्लिन १९६४. आणि हा धागा वाचू नका.

दुसरं_व्हायोलिन

वरच्या प्रतिसादात तोल गेला, मान्य. 'सोफ्यावर' मागे घेतो. थोडंसंच.

पण एक सांगतो, मग गप्प बसतो. शेवटचं पान तुम्हा सगळ्यांना माहीत आहे: नुसती तंतुवाद्यं, म्यूट (आवाज दबवायचा चिमटा) लावलेली, वर लिहिलेलं अडाजिसिमो, आणि शेवटी 'विझत विझत' अशा अर्थाचा शब्द. माझा म्यूट तेव्हा आबनुसी लाकडाचा, तीन पायांचा, स्टँडच्या कडेवर ठेवलेला. लावायला हात नेला आणि घामाने निसटला. लाकडी मंच. टक्. आणि अर्ध्या सेकंदाने, पायरीवरून घरंगळून, पुन्हा टक्. सभागृहात तेव्हा कुणाचा श्वासही ऐकू येत नव्हता. कंडक्टरचे डोळे मिटलेले होते, ते उघडले. पुढचं सगळं पान मी म्यूटशिवाय काढलं, गजाच्या टोकाचे चार-पाच केस तारेला जेमतेम टेकवून, हात असा लटपटत होता की मींडवाल्यांना हवी तेवढी थरथर मिळाली असती. नंतर पडद्यामागे चेलोवाल्यांनी एक शब्द न बोलता फक्त बोटाने खुर्चीवर वाजवून दाखवलं: टक्, टक्. पुढची दोन वर्षं माझं नाव 'टकटक'.

त्या रात्री रेकॉर्डिंग नव्हतं म्हणून वाचलो. '३८ वाल्यांकडे होतं. त्यांचं सगळं राहिलं, घसरलेलंही आणि साधलेलंही. ते ऐकताना मला तारीख आठवत नाही हो, मला ते डेस्क आठवतं.

स्वच्छश्रवण

हे आधी लिहिलं असतंत तर निम्मा धागा वाचला असता.

काल रात्री हेडफोन लावून पुन्हा ऐकलं, दिवा मालवून. रोंडो अजूनही फाटकाच आहे, त्यावर मी ठाम. अडाजिओत घाई नाही, हे कबूल, आणि तिथे वाल्टर बर्नस्टाइनपेक्षा मला पटतो, हेही नाइलाजाने कबूल. तळातून काढून चौथ्यावर ठेवतो. कारायान हलणार नाही.

मींडवाला

आणि व्हायब्रेटो?

स्वच्छश्रवण

कृपा करा.

शेवटची_रांग

टकटकराव, रबरी म्यूट का घेत नाही? वाजवून झालं की तारांवरच पुलाच्या (ब्रिजच्या) मागे सरकवून ठेवायचा, पडायचा प्रश्न नाही.

दुसरं_व्हायोलिन

दुसऱ्याच दिवशी घेतला, ताई. लाकडी अजून केसमध्ये आहे. एक पाय तुटलाय.