पदर, टिकली आणि मतं: तुमचे अनुभव लिहा

राजकारणात बाई काय बोलते यापेक्षा ती कशी दिसते, काय नेसते यावरच जास्त बोललं जातं. १९९७ साली महिला आरक्षणाच्या विधेयकाला विरोध करताना शरद यादवांनी 'परकट्या', म्हणजे केस कापलेल्या, बायकांचा उद्धार केला. २००८ मध्ये २६/११ नंतर मुंबईकर रस्त्यावर उतरले, तेव्हा भाजपच्या मुख्तार अब्बास नक्वींना त्या गर्दीत लिपस्टिक-पावडर लावलेल्या बायका दिसल्या. २०११ च्या जुलैमध्ये पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्री हिना रब्बानी खार दिल्लीला बोलणी करायला आल्या आणि आपल्या पेपरांनी त्यांच्या पर्सची नि मोत्यांची बोलणी केली. २०१९ ला नव्याने खासदार झालेल्या अभिनेत्री मिमी चक्रवर्ती आणि नुसरत जहाँ साडी न नेसता संसदेबाहेर फोटोला उभ्या राहिल्या, तर 'हे काय शूटिंग आहे का' म्हणून लोक तुटून पडले.

ही छापून आलेली उदाहरणं. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमधल्या निम्म्या जागा बायकांना आहेत, म्हणजे न छापलेली किती असतील! सरपंच, नगरसेविका, झेडपी-पंचायत समितीच्या सदस्य, पक्षाच्या कार्यकर्त्या, वार्ताहर, कोणीही लिहा. पक्ष, नेता, गाव यांची नावं नकोत. माझा आपला अंदाज असा, की लोक साडी बघत नाहीत, साडीत मालक शोधतात. पटत नसेल तर खोडून काढा.

माजी सरपंच, सातारा जिल्हा

आमच्याकडं डोक्यावरनं पदर घसरला की सासरे नुसतं खोकतात. तेवढं पुरतं. मी सरपंच झाले तेव्हा मालक म्हणाले, बाकी काय करायचं ते कर, पदर तेवढा सांभाळ.

पहिल्याच पंधरा ऑगस्टला झेंडा माझ्या हस्ते होता. एका हातानं पदर धरून झेंड्याची दोरी ओढून बघा कधी. दोन्ही हात लावले, गाठ सुटली, झेंडा फडकला, सलामी दिली आणि पदर आला खांद्यावर. पुढं पोरांची भाषणं झाली. पाण्याच्या टाकीला मंजुरी आल्याचं मी माइकवर सांगितलं. संध्याकाळी गावच्या ग्रुपवर फिरायला लागलं, 'झेंडा वर, पदर खाली'. टाकीबद्दल एक ओळ नाही.

ग्रामसेवक भला माणूस. म्हणाला, वहिनी, पुढच्या वेळी दोरी उपसरपंचांना ओढायला सांगू, तुम्ही नुसतं शेजारी उभं राहा. म्हटलं, तुमचं बरंय, मान माझा आणि दोरी त्यांच्या हातात! सव्वीस जानेवारीला नणंदेनं पदर आकडे लावून केसांत असा बसवला की वारा आला तरी हलला नाही. त्यावर गावचं म्हणणं, 'फोटोसाठी नटून आली.'

नगरसेविका (सध्या माजी), पिंपरी-चिंचवडच्या बाजूची

वरच्या सरपंचताईंना नमस्कार. आमच्याकडे पदर नाही, पण हिशेब तोच.

मी पावसाळ्याआधी नालेसफाई बघायला पंजाबी ड्रेस आणि गमबूट घालून जायचे. नाल्यात साडी नेसून कोण उतरणार? तर पक्षातले एक ज्येष्ठ (मी त्यांना काका म्हणते, माणूस वाईट नाही) म्हणाले, 'लोकप्रतिनिधी वाटायला पाहिजे, बाळा.' त्यांच्या स्वतःच्या अंगात पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, वर्षाचे बारा महिने. तो शर्ट कालचा आहे की मागच्या गणपतीतला, हे देवालाही कळणार नाही. माझी साडी मात्र वॉर्डातल्या प्रत्येकीला पाठ. 'मागच्या शिवजयंतीला हीच होती ना?' असं तोंडावर विचारतात, प्रेमानेच विचारतात. मग कार्यक्रम वाढले तशा साड्या वाढल्या. साड्या वाढल्या तशी दुसरी कुजबुज सुरू झाली, 'टक्केवारी दिसतेय कपाटात'. मी आणि माझी बहीण साड्या अदलाबदल करून नेसायचो हे आता सांगायला हरकत नाही.

वेळेचं कोणी बोलत नाही. सकाळचं पाणी सुटलं नाही म्हणून लोक दारात आले, तर नवरा असेल त्या बनियनवर बाहेर येऊन बोलू शकतो. मी गाऊनमध्ये आले तर तो फोटो होतो.

डिझायनर, फ्लेक्स प्रिंटिंग, लातूर

मी पुरुष आहे, चालेल ना? निवडणुकीत रात्रभर फ्लेक्स करतो, म्हणून लिहितो.

महिला उमेदवाराचा फोटो सहसा तिचे मिस्टर नाहीतर दीर घेऊन येतात. सूचना ठरलेल्या. 'गोरं करा, पण केलंय असं वाटायला नको.' चष्मा काढा. हनुवटीखालचं कमी करा. टिकली दिसत नाही, टाका. मंगळसूत्र पदराच्या आत गेलंय, वर आणा. माझ्याकडे मंगळसूत्रांचं वेगळं फोल्डर आहे, लहान वाटीचं, मोठ्या वाटीचं. खोटं वाटेल, पण साडीतली धडंसुद्धा तयार असतात: हात जोडलेले, हिरव्या बांगड्या, काठापदराची साडी. वर फक्त चेहरा बसवायचा. एका डॉक्टरबाईंनी गळ्यात स्टेथोस्कोप असलेला सलवार-कमीजमधला छान फोटो पाठवला होता. प्रचारप्रमुखांनी तो बघितला आणि म्हणाले, धड बदला. बाईंनी आपला फ्लेक्स थेट चौकात पाहिला. त्यांना फोन करून मीच सांगितलं की मॅडम, ती साडी तुमची नाही.

पुरुषांचीही धडं असतात हे कबूल केलं पाहिजे, जॅकेटवाली. पण त्यांच्या गळ्यात काय घालू, असं मला अजून कोणी विचारलेलं नाही. आणि बाईंच्या शेजारी मिस्टरांचा फोटो असतोच, बहुतेक वेळा तिच्याएवढाच. निवडून आल्यावर अभिनंदनाच्या फ्लेक्सवर तो मोठा होतो.

युवती आघाडी, नागपूर

माझे केस लहान आहेत. 'परकटी' हा शब्द मला माझ्याच पक्षातल्या मुलाने समजावून सांगितला. वरच्या पहिल्या परिच्छेदातली गोष्ट घडली तेव्हा मी जन्मलेही नव्हते, पण शब्द पोचला.

माजी पंचायत समिती सदस्य, परभणीकडची

मालक अपघातात गेले आणि वर्षभरात निवडणूक लागली. जागा महिलांना सुटलेली. मला उभं करताना पक्षाच्या लोकांनी दिराला सांगितलं, वहिनींना फिकट साडी नेसू द्या, बोलायची गरज नाही, हात जोडले की झालं. माझं कोरं कपाळ ही त्यांची प्रचाराची पत्रिका होती. मी तशीच फिरले आणि निवडून आले. त्यात मालकांची पुण्याई होतीच, ती मी नाकारत नाही.

अडचण नंतर सुरू झाली. दोन वर्षांनी मी मोरपंखी साडी नेसून मासिक सभेला गेले. कोणी काही बोललं नाही, पण त्या दिवशी माझ्या गणातल्या रस्त्याचा विषय निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे वेगळंच बघत होते. मग बारीक टिकली लावायला लागले. गावात लगेच, 'कोणासाठी?'

संक्रांतीला तर कमालच. राजकारणातल्या बाईला हळदी-कुंकू चुकत नाही, मतदारयादीपेक्षा पक्की यादी त्याची असते. वाणाचे स्टीलचे डबे मी आणायचे, मंडप मी घालायचा, आणि कुंकू लावायला जाऊबाई. मी स्टेजवर खुर्चीत.

२०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारचं परिपत्रक निघालं, की इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा. आमच्या ग्रामसभेतही तो विषय आला. सगळ्यांनी हात वर केले. बाहेर पडताना एक मेंबर हसत म्हणाला, 'ताई, तुम्हाला आता मोकळीक.' जसं काही मी परवानगीसाठी अर्ज केला होता.

पुढच्या संक्रांतीला कुंकवाची कोयरी मीच हातात घेतली. पाच-सहा बाया उठून गेल्या. बाकीच्यांनी लावून घेतलं. गेलेल्यांपैकी दोघी नंतर डबा न्यायला परत आल्या, तो दिला. आता मी टिकली लावते, मालक असताना लावायची त्याहून मोठी.

वार्ताहर, मुंबई

वरचं वाचून नोव्हेंबर २०२२ आठवला. मंत्रालयात संभाजी भिडे यांनी एका महिला पत्रकाराला, आधी टिकली लाव मग बोलतो, असं सुनावलं होतं. राज्य महिला आयोगानं नोटीस काढली. म्हणजे प्रश्न विचारणारीचंही कपाळ आधी तपासलं जातं. आमच्या धंद्याबद्दलही सांगते. अधिवेशन आलं की 'महिला आमदारांच्या साड्या' ही पुरवणीची हमखास स्टोरी असते आणि ती मुलींनाच करायला लावतात. मी केली आहे. दोन आमदारांनी हौसेने साड्यांबद्दल सांगितलं. तिसऱ्या म्हणाल्या, मी लक्षवेधी मांडली आहे, त्यावर विचारणार असशील तर पाच मिनिटं देते. ती मुलाखत लागली नाही.

वाचक, डोंबिवली

थोडं विरोधी बोलू का? पुरुषांच्या कपड्यांवरही बोललं जातंच की. मोदींचा नाव विणलेला सूट, राहुल गांधींचा टी-शर्ट. आपल्या लातूरच्या शिवराज पाटलांची तर कपड्यांवरून किती टिंगल झाली! सगळ्याच गोष्टीत बाईवर अन्याय शोधू नये.

धागाकर्ती

शिवराज पाटलांचं उदाहरण चांगलं दिलंत. सप्टेंबर २००८ मध्ये दिल्लीत बॉम्बस्फोट झाले, त्या संध्याकाळी देशाच्या गृहमंत्र्यांनी दोन-तीनदा कपडे बदलले, म्हणून लोक चिडले. राग कामाचा होता, कपडे त्याचा पुरावा झाले. मोदींच्या सुटाचंही तसंच, त्यावरून निघालेला टोमणा 'सूट-बूट की सरकार' हा सरकारच्या धोरणावर होता. आता ममता बॅनर्जींचं बघा. मार्च २०२१ मध्ये त्या पायाला प्लास्टर घालून प्रचार करत होत्या, तेव्हा भाजपचे दिलीप घोष म्हणाले की पाय दाखवायचाच असेल तर बर्म्युडा घाला. यात कुठलं धोरण? आणि सूट घातला म्हणून मोदी कोणाच्या ऐकण्यातले आहेत, असं कोणी विचारलं नाही.

कार्यकर्ती, भीमनगरातली, शहर नको लिहायला

तुमच्या चर्चेत एक राहिलं. साडी तीच असली तरी अंगावरून तिची किंमत बदलते. आमच्या वॉर्डाच्या मागच्या नगरसेविका पैठणी नेसायच्या, त्या 'घरंदाज'. मी बहिणीच्या लग्नात घेतलेली पैठणी महापौर निवडीच्या दिवशी नेसले तर सभागृहाच्या जिन्यातच ऐकलं, 'लगेच आली बघ पैठणी.' साधी कॉटन नेसले तर म्हणतात, वस्तीतली दिसते. मायावतींच्या पर्सवर या देशात जेवढं लिहिलं गेलं तेवढं त्यांच्या कारभारावर लिहिलं असतं, तर टीका करणाऱ्यांचाही अभ्यास झाला असता. मी निळी साडी नेसते. ती कुठून आली असं विचारत नाहीत, कारण उत्तर माहीत असतं.

माजी नगरसेविका, मालेगाव

माझ्या पोस्टरवर माझा फोटोच नव्हता. नाव माझं, फोटो शौहरचा. दुसऱ्या वेळी मी अडून बसले, बुरख्यात चेहरा दिसेल असा फोटो छापला. आमच्यातले काही म्हणाले, चेहरा कशाला? दुसऱ्या मोहल्ल्यातले म्हणाले, बुरखा कशाला? सभागृहात मी मराठीत बोलले तर एक सदस्य म्हणाले, 'अरे वा, बुरख्यातून एवढं शुद्ध मराठी!' माझं शिक्षण मराठी शाळेत झालंय. मुद्दा गटारीचा होता, तो तसाच राहिला.

पंच (म्हणजे पंचायत सदस्य), बार्देश, गोवा

आमच्याकडे चर्चच्या फेस्ताला फ्रॉक चालतो आणि जत्रेला साडी लागते. एकाच दिवशी दोन्ही असली तर गाडीत कपडे बदलायचे. शशिकलाताई काकोडकर १९७३ मध्ये मुख्यमंत्री झाल्या, त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. तरी ग्रामसभेत स्लीव्हलेस घातलं तर बातमी होते. बाकी सरपंचताईंइतकं कठीण नाही.

शेतकरी संघटनेतली जुनी कार्यकर्ती, नाशिक जिल्हा

पोरींनो, मी चांदवडला होते, १९८६ च्या नोव्हेंबरात, संघटनेच्या महिला अधिवेशनाला. एवढ्या बायका मी त्याआधी फक्त जत्रेत पाहिल्या होत्या. कोणी नऊवारी, कोणी सहावारी, शेतातून उठून आलेल्या, छातीला लाल बिल्ला. तिथं कोण कोणाची साडी बघणार? नंतर एकटीच ग्रामपंचायतीत बसले, तेव्हा मात्र माझं लुगडं सगळ्यांच्या डोळ्यावर आलं. मला विचाराल तर एकटी बसू नका, दोघी-तिघी मिळून बसा.

पक्षाचं सोशल मीडिया बघणारी, पुणे

ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेनं २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात आपल्याकडच्या ९५ महिला राजकारण्यांना आलेली ट्वीट तपासली होती. साधारण सातातलं एक शिवीगाळीचं नाहीतर त्रासदायक. मी आमच्या ताईंच्या पेजवरच्या कमेंट रोज सकाळी साफ करते. 'जाड झाल्या' मी ठेवते, सगळंच उडवलं तर पेज रिकामं दिसतं. घाण असेल ते काढते. ताईंना त्यातलं काही दाखवत नाही, पण त्या रात्री स्वतः वाचतात. दुसऱ्या दिवशी फोटोत पदर पोटावरून घेतलेला असतो, त्यावरून मला कळतं.

वकील, पहिल्यांदाच उभी राहतेय

कोर्टात काळा कोट चढवला की माझ्या कपड्यांवर कोणी बोलत नाही. आता नगरपरिषदेला उभी राहतेय आणि उद्या फोटो काढायचेत. सासूबाईंनी कांजीवरम काढून ठेवलीय, नवरा म्हणतो कुर्ता घाल, शहराध्यक्ष म्हणतात 'ताई, साधं पण उठून दिसेल असं'. मी काय करू?

नगरसेविका (सध्या माजी)

साडी नेसणारच असशील तर धुतलेली कॉटन, नवी नको, नवी चालताना फुगते. ब्लाउजला आतून खिसा शिवून घे, मोबाइल आणि यादीची चिठ्ठी मावली पाहिजे. कुर्ता घालायचा असेल तर पहिल्या दिवसापासून कुर्ताच घाल. मधेच बदललास की त्याचीच चर्चा होईल.

माजी पंचायत समिती सदस्य

चप्पल मागून पट्ट्याची घे. जिने फार चढावे लागतात.

डिझायनर, लातूर

मॅडम, फोटो साध्या भिंतीसमोर काढा आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्वतःच्या नंबरवरून. फाइल लहान आली की मग धड बदलावं लागतं.