पाथ ट्रेसर: कॉर्नेल बॉक्समध्ये काळे ठिपके, आणि दिव्याकडे किरण सोडले की चित्र जास्त उजळ

किरणमाग:
शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी सी प्लस प्लसमध्ये पाथ ट्रेसर (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवणारा प्रोग्राम) लिहिलाय. 1 एकक त्रिज्येच्या गोलांचं दृश्य स्वच्छ येतं. तोच कोड कॉर्नेल बॉक्सवर (चाचणीसाठी वापरली जाणारी, वर दिवा असलेली खोली; बाजू साधारण 555 एकक) चालवला की जमिनीवर, भिंतींवर काळे ठिपके पडतात. 32 बिटी फ्लोट आहे, किरणाचं किमान अंतर (याहून जवळची टक्कर धरत नाही) 0.0001. शिवाय चित्रातले दाणे (नॉइज) कमी करायला प्रत्येक बिंदूवरून दिव्याकडे सावली-किरण (मधे काही आड येतं का ते पाहणारे) सोडले, तर दाणे घटले पण चित्र आधीपेक्षा उजळ झालं. नुसते सॅम्पल (दर पिक्सेलमागचे किरण) 64 चे 256 केले तेव्हा दाणे फक्त निम्मे झाले. हे बरोबर आहे का?

त्रिकोणजाळी:
ठिपक्यांचं कारण दृश्याच्या मापात आहे. 32 बिटी फ्लोटमध्ये 1 च्या आसपास लागोपाठच्या दोन संख्यांमधलं अंतर 0.00000012 असतं, पण 512 ते 1024 या टप्प्यात ते 0.00006 होतं. म्हणजे तुझं 0.0001 तिथे जेमतेम दीड पाऊल आहे. छेदबिंदू भिंतीच्या किंचित आत पडतो आणि नवा किरण त्याच भिंतीवर आपटतो. या दृश्याला 0.01 पासून सुरुवात कर. त्याहून चांगलं म्हणजे आरंभबिंदूच नॉर्मलच्या (पृष्ठभागाला लंब) दिशेने तेवढा सरकव, कारण भिंतीला जवळजवळ समांतर निघालेल्या किरणाला नुसतं किमान अंतर पुरत नाही. आकडा फार वाढवलास तर ठोकळ्याच्या बुडाशी सावली सुटी पडते आणि कोपऱ्यांतून उजेड गळतो.

दाण्यांचं म्हणशील तर बरोबरच आहे. त्रुटी सॅम्पलसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते.

अल्बेडो:
जादा उजेड म्हणजे दिवा दोनदा मोजला जातोय: एकदा सावली-किरणातून, आणि पुन्हा उसळलेला किरण योगायोगाने दिव्यावर पडतो तेव्हा. दिवा स्वतः पूर्वीइतकाच आणि बाकी सगळं जवळपास दुप्पट दिसत असेल, तर नक्की हेच. (तुलना गॅमा, म्हणजे पडद्यासाठीचं उजळपणाचं रूपांतर, लावण्याआधीच्या आकड्यांची कर.) उसळलेला किरण दिव्यावर लागला की त्याचं उत्सर्जन धरू नकोस. अपवाद दोनच: कॅमेऱ्यातून थेट निघालेला किरण आणि आरशावरून आलेला किरण. आरशाचा अपवाद करायचा राहिला तर आरशात दिवा काळा दिसतो.

सावली-किरणाचं वजन: दोन्ही टोकांच्या कोसाइनचा (किरण आणि नॉर्मल यांच्यातल्या कोनाच्या) गुणाकार, गुणिले दिव्याचं क्षेत्रफळ, भागिले अंतराचा वर्ग. डिफ्यूज (मॅट) पृष्ठभागासाठी पुढे अल्बेडो (पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो तो अंश) भागिले पाय (π).

किरणमाग:
ठिपके गेले, उत्सर्जनही आवरलं. पण आता सावली-किरण कुठूनही सोडला तरी अडलेलाच येतो. दिवा सोडून सगळं काळं!

अल्बेडो:
सावली-किरणाच्या अंतराला वरची मर्यादा नाही, म्हणून तो दिव्यालाच अडथळा समजतोय. कमाल अंतर ‘दिव्यापर्यंतचं अंतर वजा 0.01’ ठेव. दिवा छताला चिकटलेला असेल तर 1 एकक खाली घे. एकाच प्रतलात दोन पृष्ठभाग असले की कुठला आधी लागेल याचा भरवसा नाही.

त्रिकोणजाळी:
सादरीकरणाआधी एक चाचणी कराच, नुसत्या नजरेवर विसंबू नका. सगळीकडून 1 इतका समान प्रकाश आणि मधोमध अल्बेडो 0.5 चा एकच गोल. गोलावरच्या प्रत्येक पिक्सेलची सरासरी 0.5 यायला हवी. 0.33 आली तर कोसाइन-भारित (नॉर्मलजवळ जास्त दाट) दिशा निवडूनही वर पुन्हा कोसाइनने गुणलं जातंय. 0.25 आली तर दिशा अर्धगोलावर समान वाटलेल्या आहेत आणि 2 चा गुणक लावायचा राहिलाय. माझ्या मते प्रोजेक्ट अहवालात ही चाचणी सुंदर चित्रापेक्षा जास्त वजनदार ठरते.

फाइल लिहिताना एसआरजीबी (पडद्यासाठीच्या रंगांचं) रूपांतर झालंय ना, तेही बघ: 0.5 चं 255 पैकी 188 व्हायला हवं. 128 आलं तर ते करायचं राहिलंय. आणि थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे भाग) वापरत असशील तर यादृच्छिक संख्यांचं बीज (सुरुवातीचा आकडा) पिक्सेल आणि सॅम्पल क्रमांकावरून काढ. सगळ्या थ्रेडना एकच बीज दिलं तर दाण्यांची तीच नक्षी चौकोनाचौकोनात उमटते आणि सॅम्पल वाढवूनही ती लवकर जात नाही.