उ: नीस डोम म्हणजे ज्वालामुखीच का?

वर कुणीतरी लिहिलंय की नीसचा डोम (नीस म्हणजे खोलवर उष्णता-दाबानं बदललेला पट्ट्यापट्ट्यांचा खडक, डोम म्हणजे त्याचा घुमटासारखा वर आलेला भाग) म्हणजे खालून लाव्हा वर ढकलला गेला आणि मध्येच थिजला. तसं नाहीये हो. आपण नाशिककर अंजनेरी ब्रह्मगिरीचा आडव्या थरांचा बेसॉल्ट बघत वाढलो त्यामुळे खडक म्हटलं की लाव्हाच आठवतो, पण डोममधला बराचसा खडक वर येताना घनच असतो, फक्त मऊ पडलेला.

होतं असं की दोन खंड भिडले की पृथ्वीचं कवच जाड होतं, खाली तापतं, आणि साधारण ७०० अंशाला पांढऱ्या अभ्रकातलं पाणी सुटून खडक थोडाथोडा वितळायला लागतो. जेमतेम ७ टक्के वितळलं तरी ताकद धाडकन पडते! वजनालाही हलका होतो. त्यात वरचं कवच ताणून पातळ झालं की तो त्या जागेत वर सरकतो, गरम असतानाच दाब उतरतो म्हणून अजून वितळतो, म्हणून अजून वर. आधी ताण की आधी हलकेपणा यावर जाणकारांची भांडणं चालूच आहेत, मला विचाराल तर बहुतेक ठिकाणी दोन्ही.

बघायचाच असेल तर किन्नौरमध्ये नाकोला जा, लिओ पर्गिल डोमची कडच आहे ती. काळ्या अभ्रकाचे पट्टे, मधे पांढऱ्या ग्रॅनाइटच्या शिरा, काही ताणून भिंगासारख्या झालेल्या. शिरा कुठल्या दिशेला ओढल्यात ते नीट बघा, डोमच्या बाजूचं कवच कुठे घसरलं ते त्यावरूनच कळतं. (रस्ता बेकार आहे, बाइकवाल्यांनी जपून.)