जुनापाणीची शिळावर्तुळं: १०० मीटरचा नियम ढिला करावा का?

पार्क_चौक: मावसभावाच्या लग्नाला नागपूरला गेलतो, तिथनं काटोल रोडवरची जुनापाणीची शिळावर्तुळं बघून आलो. मोठ्या काळ्या दगडांचं रिंगण आणि आत माती-मुरमाचा बुटका उंचवटा. लोहयुगातली थडगी आहेत ही, दोन ते तीन हजार वर्षांपूर्वीची. काही दगडांवर वाटीसारखे खळगे ओळीनं कोरलेत, त्यात अंगठा टेकवून बघितला आणि खरंच अंगावर काटा आला. केंद्राचं संरक्षण आहे, १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. घरी सांगितलं तर सगळे म्हणायलेत, मेलेल्यांसाठी जित्यांची अडवणूक कशाला. मला तर नियम एक मीटरनंही कमी नको.

ज्वारीचं_रान: तुम्ही बघून परत आलात ओ, तिथं शेत असणाऱ्याचं काय? पोरगं मोठं झालं, लग्न ठरलं, दोन खोल्या वाढवायच्या तर स्वतःच्या सातबाऱ्यावर बांधता येत नाही. आणि जमीन घ्यायला गिऱ्हाईकही फिरकत नाही. इतिहास सगळ्या देशाचा आणि भुर्दंड एकट्या शेतकऱ्याचा, हे मला पटत नाही.

भीमाकाठ: दादा, नांगर चालवायला बंदी नाही, जुन्या घराची दुरुस्तीही परवानगीनं होते. पण एकदा जेसीबी फिरला की संपलं. इनामगावची जुनी वस्ती आठवा, पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी, तीच घोड पुढं आपल्या भीमेला मिळते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्ववाल्यांनी १९६८ ते १९८३ तिथं खोदलं तेव्हा घराच्या जमिनीखाली पुरलेली लहान लेकरं सापडली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत लेकरू. आई चूल पेटवायची त्याच घरात पुरलेलं. पुरलेल्या मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले. हे कळलं कारण मातीचे थर जागेवर होते. आपल्याकडं पांढरीची, म्हणजे जुन्या गावाच्या टेकाडाची, माती धाब्याच्या घरांच्या सपाट छपरावर टाकायला किती गावांनी उकरून नेली, त्यात काय काय गेलं कुणाला ठाऊक.

ज्वारीचं_रान: पांढरीचं खरंय, आमच्या आज्यानं पण बैलगाडीनं आणलीय, त्यात खापरं निघायची ती आम्ही पोरं लगोरीला घ्यायचो. लेकराचं वाचून वाईट वाटलं. तरी माझा मुद्दा तसाच आहे, थडगं राखा पण शेजारच्याला मोबदला द्या, नाहीतर सरकारनं ती पट्टी विकत घ्यावी.

पार्क_चौक: मोबदल्याला माझा पूर्ण पाठिंबा. मीटर मात्र कमी नको.